ताठरतेची गोळी पहिल्यांदा घेताना: कोणाला विचारायचं, कशी घ्यायची, कुठे थांबायचं

मी रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे आणि माझं मेडिकल एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडजवळ आहे. लिंगाला ताठरता यावी म्हणून घेतात ती गोळी ज्यांना पहिल्यांदाच घ्यायची आहे, किंवा मित्राने दिलेली एखादी गोळी पाकिटात ठेवून जे विचार करत बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

या गोळ्यांतली मुख्य औषधं दोन: सिल्डेनाफिल (व्हायग्रात असतं ते) आणि टाडालाफिल. सिल्डेनाफिलला अमेरिकेत १९९८ साली मंजुरी मिळाली, टाडालाफिलला २००३ साली. तेव्हापासून जगभर कोट्यवधी पुरुषांनी ही औषधं घेतली आहेत. योग्य माणसाने योग्य डोस घेतला तर ती बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. जिवावर बेततं ते लपवाछपवीमुळे. डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्यांचं सांगितलेलं नसतं, घरात कोणाला पत्ता नसतो, आणि मध्यरात्री छातीत दुखायला लागलं की लाजेने तोंड उघडत नाही. त्यामुळे खाली ‘सांगा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येईल. कंटाळू नका.

पहिली पायरी: गोळीच्या आधी तपासणी

एखाद्या रात्री ताठरता आली नाही म्हणजे आजार झाला असं नाही. दिवसभराची दगदग, दारू, घरातला ताण, कर्जाचा हप्ता, काहीही कारण पुरतं. पण दोन-तीन महिने सातत्याने ताठरता येत नसेल किंवा टिकत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

यामागे एक कारण आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. चरबी साठून वाहिन्या अरुंद व्हायला लागल्या की बारीक नळी आधी तुंबते. पंचेचाळिशीतल्या माणसाला छातीत काहीच त्रास नसतो, फक्त ताठरता कमी झालेली असते, आणि काही वर्षांनी त्यालाच हृदयविकार निघतो. ताठरतेची तक्रार ही अनेकदा हृदयाने दिलेली पहिली सूचना असते. गुपचूप गोळी घेऊन काम भागवलं की ती सूचना वाया गेली. मला या विषयात सगळ्यात जास्त हळहळ याच गोष्टीची वाटते.

मधुमेहाचंही तसंच. वाढलेली साखर नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब करते. कित्येकांना आपल्याला शुगर आहे हे याच तक्रारीमुळे कळतं. म्हणून डॉक्टर बीपी बघतील, उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगतील, कोलेस्टेरॉल बघतील. इच्छाच कमी झाली असेल तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगतील, कधी थायरॉइडही. ‘मी गोळी मागायला आलो आणि हे रक्त काढायला लावतात’ म्हणून चिडू नका.

सकाळी झोपेतून उठताना ताठरता येते का, हे डॉक्टर हमखास विचारतील. येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुतेक ठीक आहे आणि अडचण ताणाची, भीतीची असण्याची शक्यता जास्त. तरुण मुलांमध्ये, विशेषतः नव्याने लग्न झालेल्यांमध्ये, हेच बहुधा निघतं. ‘जमेल ना?’ या धास्तीनेच जमत नाही. अशा मुलांना गोळीपेक्षा समुपदेशनाचा आणि थोड्या वेळाचा उपयोग अधिक होतो. लग्नाच्या पहिल्या रात्रीसाठी मित्रांनी हातात कोंबलेली १०० मिलिग्रॅमची गोळी घेऊ नका. डोकं धरून, चेहरा लालबुंद होऊन रात्र जाते आणि पुढच्या वेळची धास्ती दुप्पट होते.

आणखी एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा: माझ्या चालू औषधांमुळे हे होतंय का? बीपीची काही औषधं, नैराश्यावरच्या काही गोळ्या, केस गळतीसाठीचं फिनास्टेराइड यांनी ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टर पर्याय देऊ शकतात. मात्र बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. तंबाखू आणि सिगारेट याबद्दल वेगळं सांगायला नको, ती रक्तवाहिन्याच खराब करतात.

दुसरी पायरी: डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य

खरी अडचण इथेच आहे. केबिनमध्ये गेल्यावर माणूस पाठदुखी सांगतो, ऍसिडिटी सांगतो आणि उठून येतो. म्हणून वाक्य घरूनच पाठ करून जा: “डॉक्टर, तीन-चार महिन्यांपासून ताठरता नीट येत नाही, त्याबद्दल बोलायचं आहे.” एवढं पुरे, पुढचं ते विचारतील. अगदीच तोंड उघडत नसेल तर हेच कागदावर लिहून पुढे सरकवा. सोबत चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. नाव आठवत नाही, ‘ती पांढरी छोटी गोळी’ असं सांगून भागत नाही.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करावी. ते ओळखीचे आहेत म्हणून लाज वाटत असेल तर दुसऱ्या गावातल्या फिजिशियनकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा, काही हरकत नाही. पण भिंतीवर, रेल्वे रुळांशेजारी रंगवलेल्या ‘गुप्तरोग शर्तिया इलाज’ वाल्याकडे जाऊ नका. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. लेटरहेडवर डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघा.

डॉक्टर विचारतील त्यातला एक प्रश्न तुम्ही घरीच तपासू शकता. दोन जिने भरभर चढलात तर छातीत दुखतं का, खूप धाप लागते का? शरीरसंबंधाचा हृदयावरचा ताण साधारण तेवढाच असतो. जिना चढताना छाती भरून येत असेल तर गोळीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी हृदयाची तपासणी करा. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, बीपी फार कमी असेल किंवा ताब्यात नसेल, तर डॉक्टर थांबायला सांगतील. त्यांचं ऐका.

तिसरी पायरी: नायट्रेट, जिथे तडजोड नाही

बाकीचं वरवर वाचलंत तरी चालेल, हा भाग नीट वाचा.

लैंगिक उत्तेजना आली की लिंगातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतं. त्यामुळे सीजीएमपी नावाचं द्रव्य तयार होतं, ते रक्तवाहिन्या सैल करतं आणि रक्त आत भरतं. पीडीई-५ नावाचं एन्झाइम हे द्रव्य मोडून टाकतं. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल त्या एन्झाइमला अडवतात, म्हणून द्रव्य जास्त वेळ टिकतं. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं तेही १९९८ सालीच.

छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी नायट्रेट गटातली आहे आणि ती नेमकं हेच द्रव्य भराभर वाढवते. एका बाजूने तयार होणं वाढलं, दुसऱ्या बाजूने मोडणं थांबलं. साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल होतात आणि बीपी असं कोसळतं की माणूस दगावू शकतो. ‘थोडंसं घेतलं तर?’ या प्रश्नाला उत्तर नाही, दोन्ही एकत्र घ्यायचीच नाहीत.

नायट्रेट कशाकशात असतं? आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट म्हणजेच सॉर्बिट्रेट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या, स्प्रे, अंगावर लावायचे पॅच. निकोरँडिल ही हृदयाची गोळीही याच यादीत धरा. आणि एक जागा जी कोणाच्या ध्यानात येत नाही: फिशरसाठी गुदद्वाराला लावायला देतात ते नायट्रोग्लिसरीनचं मलम. मलम आहे, पोटात जात नाही, म्हणून लोक सांगत नाहीत. पण ते त्वचेतून रक्तात जातं. पार्टीत हुंगायला मिळणाऱ्या ‘पॉपर्स’मध्येही नायट्राइटच असतात आणि धोका तोच. फुप्फुसांच्या रक्तदाबासाठीचं रिओसिग्वाट घेणाऱ्यांनाही या गोळ्या चालत नाहीत.

हृदयाच्या पेशंटने निराश व्हायचं कारण नाही. हृदयविकार आहे म्हणून ही गोळी कायमची बंद, असं नसतं. अँजिओप्लास्टीनंतर कित्येकांना नायट्रेटची गरज उरत नाही. हृदयरोगतज्ज्ञाला थेट विचारा. पण नायट्रेट स्वतःच बंद करून ही गोळी सुरू करू नका.

आता उलट बाजू. तुम्हाला हृदयविकार नाही, तुम्ही चिठ्ठीवर आणलेली गोळी घेतली आणि रात्री छातीत दुखायला लागलं. आपल्याकडे सॉर्बिट्रेटची स्ट्रिप घरोघरी असते, कधी वडिलांच्या खिशात, कधी देवघराच्या कप्प्यात. ‘हार्ट अटॅक आला की लगेच जिभेखाली ठेवा’ हा व्हॉट्सॅपवरचा मेसेज सगळ्यांनी वाचलेला असतो. घाबरलेली बायको किंवा मुलगा प्रेमापोटी ती गोळी तोंडात घालणार. त्यांना थांबवू शकेल असा त्या वेळी तुमच्याशिवाय कोणी नसतो.

म्हणून पत्नीला आधीच सांगून ठेवा. छातीत दुखलं तर संबंध थांबवायचा, सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं: “यांनी इतक्या वाजता सिल्डेनाफिल घेतलं आहे.” सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. वेळ कळली तर डॉक्टर दुसरे उपचार करतात. हॉस्पिटलमध्ये ही माहिती ऐकून कोणी हसत नाही. तिथल्या डॉक्टरांना या उत्तराची रोज गरज पडते.

चौथी पायरी: बाकीची औषधं

प्रोस्टेटमुळे लघवीची धार बारीक झाली म्हणून टॅमसुलोसिन चालू असेल तर सांगा. दोन्हींनी बीपी उतरतं, उभं राहताना घेरी येऊ शकते. डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात.

गजकर्णासाठी इट्राकोनाझोल चालू असेल तर नक्की सांगा. पावसाळ्यात नायटा-गजकर्णाचे पेशंट किती वाढतात हे मेडिकलवाल्याइतकं कोणाला माहीत नसेल, आणि ही गोळी आठवडेच्या आठवडे चालते. ती यकृतातलं औषध मोडण्याचं काम मंदावते, त्यामुळे सिल्डेनाफिल रक्तात जास्त साठतं. ५० मिलिग्रॅम घेतलं तरी शरीराला त्याहून बरंच जास्त वाटतं. केटोकोनाझोलच्या गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीवरचं रिटोनाविर यांचंही तसंच. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन उलटं करतं, गोळीचा असर कमी करतं. तेव्हा डोस स्वतः वाढवू नका.

विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत. सिकलसेल असेल तर ताठरता न उतरण्याचा धोका वाढतो, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दृष्टीचा आनुवंशिक आजार, यकृत किंवा किडनीचा मोठा त्रास, हेही.

शीघ्रपतन आणि ताठरता न येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बाजारात सिल्डेनाफिलबरोबर डापोक्सेटिन असलेल्या एकत्र गोळ्या मिळतात आणि लोक ‘डबल पावर’ समजून मागतात. डापोक्सेटिन शीघ्रपतनासाठी आहे, त्याने काहींना भोवळ येऊन शुद्ध हरपते, आणि नैराश्याच्या अनेक गोळ्यांबरोबर ते चालत नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. दोन नावं दिसली तर चिठ्ठीशी ताडून बघा.

पाचवी पायरी: कोणती, किती, कधी

सिल्डेनाफिल साधारण ५० मिलिग्रॅमने सुरू करतात. पासष्टीच्या पुढे, किंवा यकृत-किडनीचा त्रास असेल तर २५ ने. संबंधाच्या सुमारे तासभर आधी, पाण्याबरोबर. असर साधारण चार तास. पोटभर मटण-भाकरी किंवा तेलकट जेवणावर घेतली तर असर तासभर उशिरा येतो, आणि लोक ‘गोळी नकली निघाली’ म्हणत माझ्याकडे येतात. रात्री हलकं जेवा.

टाडालाफिल १० मिलिग्रॅमने सुरू करतात, असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो, जेवणाने फारसा फरक पडत नाही. ३६ तास ताठरता राहते असा याचा अर्थ नाही. तेवढ्या काळात उत्तेजना आली तर शरीर साथ देतं, इतकंच. ज्यांना घड्याळ बघून संबंध ठेवणं नकोसं वाटतं त्यांना हे सोयीचं पडतं. काहींना डॉक्टर रोज अडीच किंवा पाच मिलिग्रॅम देतात. त्यात वरून आणखी गोळी घ्यायची नसते.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याला सिल्डेनाफिल बरं, कारण त्रास झालाच तर तो लवकर ओसरतो. पण निर्णय डॉक्टरांचा.

दोन्हींपैकी कोणतीही गोळी दिवसातून एकदाच. असर झाला नाही म्हणून दोन तासांनी दुसरी नाही. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल एकत्र नाही. १०० ची गोळी मिळाली म्हणून अख्खी घ्यायची नाही.

गोळी घेऊन आडवं पडून वाट बघितली तर काही होणार नाही. तिने इच्छा निर्माण होत नाही. स्पर्श, जवळीक, मनाची तयारी हे सगळं लागतंच. दारूबरोबर घेऊ नका: दारूने ताठरता कमी होते आणि बीपीही उतरतं. पहिल्या वेळी घाई नसलेला दिवस निवडा, गाडी चालवायची नाही असा. आणि एकदा जमलं नाही म्हणून औषध बाद करू नका. योग्य डोस, योग्य वेळ, शांत मन असं जुळून यायला सहा-आठ वेळा जाव्या लागतात.

सहावी पायरी: त्रास झाला तर

डोकं दुखणं, चेहरा गरम होणं, नाक चोंदणं, पोटात जळजळ हे नेहमीचे त्रास आहेत आणि काही तासांत जातात. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं. टाडालाफिलने दुसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्या दुखू शकतात. त्रास जास्त वाटला तर डोस कमी करता येतो.

तीन गोष्टींना मात्र सकाळची वाट बघायची नाही. ताठरता चार तासांहून जास्त वेळ उतरत नसेल, दुखत असो वा नसो, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. यात माणसं लाजेने रात्र काढतात आणि आतल्या पेशींचं कायमचं नुकसान होतं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा एकदम ऐकू येईनासं झालं तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर.

सातवी पायरी: विकत घेताना

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते, म्हणजे हे चिठ्ठीवरचं औषध. चिठ्ठी दाखवा आणि बिल घ्या. बिल असलं की बॅच नंबरसकट सगळी नोंद राहते आणि तक्रार करायची झाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येतं. कापलेल्या स्ट्रिपमधली एकच गोळी कागदात बांधून देत असतील तर घेऊ नका, त्यावर नाव नाही, तारीख नाही. जेनेरिक घ्यायला काहीच हरकत नाही, औषध तेच असतं.

‘शंभर टक्के आयुर्वेदिक, अर्ध्या तासात असर’ अशा कॅप्सूलपासून लांब राहा. अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं असल्याचं अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना तपासणीत आढळलं आहे. अर्ध्या तासात असर होतो तो म्हणूनच. सॉर्बिट्रेट घेणारा माणूस जडीबुटी समजून ती घेतो, त्याला सावध कोण करणार?

परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच: ब्रिटनमध्ये २०१८ पासून ५० मिलिग्रॅमचं सिल्डेनाफिल फार्मासिस्टशी बोलून चिठ्ठीशिवाय मिळतं. तो फार्मासिस्ट जे प्रश्न विचारतो त्यांची खरी उत्तरं द्या. भारतातून येताना मित्रासाठी स्ट्रिपा भरून आणू नका, त्याच्या हृदयाचं तुम्हाला काही माहीत नसतं.

नंतर

महिना-दीड महिन्याने डॉक्टरांना पुन्हा भेटा. गोळीने फरक पडला नाही तरी रस्ते संपत नाहीत: डोस बदलता येतो, दुसरं औषध देता येतं, व्हॅक्यूम पंप आहे, लिंगात द्यायचं इंजेक्शन आहे, अगदी शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट आहे. बऱ्याचदा मात्र शुगर ताब्यात आली, रोज चालणं सुरू झालं, तंबाखू सुटली की तीच गोळी नीट काम करू लागते.

आणि यापुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, दात काढायला गेलात किंवा फिशर दाखवायला गेलात, तरी चालू औषधांत हिचं नाव घ्या. मोबाइलमध्ये औषधांची यादी ठेवत असाल तर त्यात लिहा. शेवटची गोळी कधी घेतली तेही.